ठाण्यात नवीन आहात? सुरुवात तलावपाळीपासून करा

नोकरी, लग्न, नवीन घर, कारण काहीही असो, ठाण्यात दरवर्षी खूप माणसं नव्याने राहायला येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं घर घोडबंदर रोडला असतं. सकाळी लोकल गाठायची घाई, संध्याकाळी कापूरबावडीचा ट्रॅफिक, रविवारी सामान आणायला मॉल. यातच वर्ष निघून जातं आणि ठाणं म्हणजे मुंबईला चिकटलेलं एक मोठं उपनगर, असा समज पक्का होतो. तो समज मोडावा म्हणून हा लेख.

ठाण्याला स्वतःचा हजार वर्षांचा इतिहास आहे. शिलाहार राजांच्या काळात श्रीस्थानक या नावाने हे गाव उत्तर कोकणची राजधानी होतं. तेराव्या शतकात मार्को पोलोने आपल्या प्रवासात ठाण्याची नोंद केली. पुढे पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले, आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलं. यातलं बरंचसं आजही पायी फिरून बघता येतं. फक्त क्रम नीट हवा: आधी तलाव आणि पेठ, मग डोंगर, मग खाडी, आणि लांबची ठिकाणं सगळ्यात शेवटी. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. जुनं ठाणं न बघता थेट खाडीवर गेलात तर फ्लेमिंगो दिसतील, पण हे गाव नेमकं इथेच का वसलं ते कळणार नाही. आणि सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. महिन्यातले रविवार वाटून घ्या.

आधी दिशा पक्क्या करा

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की जुनं शहर: बाजारपेठ, तलावपाळी, टेंभी नाका, चरई, नौपाडा. पूर्वेला उतरलात की कोपरी. स्टेशनला लागूनच चेंदणी कोळीवाडा आहे आणि त्यापलीकडे खाडी.

पश्चिमेला जुनं शहर संपतं तिथे पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो. मुंबईकडून येताना त्याच्यावरचे नाके ओळीने पाठ करून ठेवा: तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी. रिक्षावाले, बसचे कंडक्टर, सोसायटीतले शेजारी, सगळे याच खुणांनी पत्ते सांगतात. यातली काही नावं कारखान्यांची आहेत. एकेकाळी ठाणं कारखान्यांचं शहर होतं आणि वागळे इस्टेटच्या भोंग्यांवर इथली घरं चालायची. बरेच कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आले, पण नाक्यांची नावं लोकांनी सोडली नाहीत.

महामार्ग ओलांडून पुढे गेलात की वागळे इस्टेट, वर्तकनगर, पोखरण रोड, आणि त्याच्या टोकाला उपवन व येऊरचा डोंगर. कापूरबावडीहून घोडबंदर रोड सुरू होतो: मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख. एवढा नकाशा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

फिरायला टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस चांगली. स्टेशनच्या पश्चिमेला जो उंचावर बांधलेला बसचा पूल आहे त्याला सगळे सॅटिस म्हणतात. बस वर लागतात, रिक्षा खाली. रिक्षा मीटरने जातात. शेअर रिक्षाच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी ती कुठली आहे ते विचारा. जुन्या ठाण्यात स्वतःची गाडी शक्यतो नेऊ नका. न्यावीच लागली तर गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात लावून पुढे चालत जा. आणि रविवारी लोकलने निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघायची सवय लावून घ्या. ठाणे-कल्याण मार्गावर किंवा ट्रान्स हार्बरवर ब्लॉक असेल तर सगळा बेत बदलावा लागतो.

पहिला रविवार: पेठ आणि तलाव, पायी

सकाळी सातच्या सुमारास स्टेशनवर या. ज्या स्टेशनातून आपण रोज धावतपळत जातो तिथे मिनिटभर थांबा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती इथपर्यंत आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडीवर पूल टाकून गाडी कल्याणपर्यंत गेली. मुंबईबाहेर रेल्वेने गाठलेलं पहिलं शहर आपलं, ही गोष्ट मुलांना याच फलाटावर उभं राहून सांगा.

पश्चिमेला बाहेर पडून बाजारपेठेतून जांभळी नाक्याच्या दिशेने चालू लागा. सकाळी इथे फुलांचे आणि भाजीचे ढीग असतात. दहा-पंधरा मिनिटांत कौपिनेश्वराचं देऊळ येतं. ठाणेकर याला ग्रामदैवत मानतात. मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं समजलं जातं. मराठ्यांनी ठाणं घेतल्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली ते पुन्हा बांधलं. आत जाऊन पिंडी नीट बघा. आपल्याला गावोगावच्या देवळांत हातभर उंचीच्या पिंडी बघायची सवय असते; इथे समोर येते ती माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी, आणि घेर असा की दोन माणसांनी हात पसरावे लागतील. आवारात इतर देवांची लहान देवळं आहेत, तीही बघून घ्या. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला रांग रस्त्यापर्यंत जाते, म्हणून पहिल्यांदा जाताना साधा दिवस निवडा.

गुढीपाडव्याला मात्र मुद्दाम इकडे या. सकाळी कौपिनेश्वराच्या पालखीसोबत नववर्ष स्वागतयात्रा निघते. ढोलताशे, लेझीम, चित्ररथ, नऊवारीत स्कूटरवर बसलेल्या बायका. नवीन माणसाला आपण या शहरातले झालो असं वाटायला लावणारा दिवस आहे तो.

देवळासमोरच मासुंदा तलाव आहे. कागदोपत्री मासुंदा, पण तोंडात सगळ्यांच्या तलावपाळी. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि आजही इथे तीसेक तलाव शिल्लक आहेत: कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबेघोसाळे, मखमली, सिद्धेश्वर, हरियाली. पूर्वी याहून बरेच जास्त होते. काही बुजले, काहींवर इमारती आल्या. जे उरलेत त्यांची किंमत मे महिन्यात कळते. तलावपाळीला एक पूर्ण फेरी मारा. सकाळी चालणारे आजी-आजोबा, कट्ट्यावर पेपर वाचणारे, मध्येच माशांना पिठाच्या गोळ्या टाकणारं एखादं कुटुंब. संध्याकाळी तोच काठ ओळखू येत नाही, इतका भरतो: भेळ, पाणीपुरी, फुगे, नौकाविहाराची रांग. दोन्ही वेळा बघा, पण पहिल्यांदा सकाळी. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे इथे आणि राम मारुती रोडला तरुण मुलामुलींची प्रचंड गर्दी होते. कॉलेजातल्या मुलांना आवडेल; लहान मुलं आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर जरा उशिराने जा.

तलावाच्या काठावरच गडकरी रंगायतन आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं हे नाट्यगृह ठाणेकरांचं दुसरं घर आहे असं म्हटलं तरी चालेल. मराठी नाटकाची कुठलीही नवी निर्मिती इथे प्रयोग करायला येतेच, आणि ठाण्याचा प्रेक्षक दाद कशी देतो याकडे नटांचं बारीक लक्ष असतं. नवीन आलेल्यांना माझा ठाम सल्ला: पहिल्या महिन्यातच इथे एक नाटक बघा. पेपरात शनिवारी-रविवारी जाहिराती येतात, तिकिटं ऑनलाइनही मिळतात आणि खिडकीवरही. खिडकीवर गेलात तर आसनांचा तक्ता बघून जागा निवडता येते. मध्यंतरात बाहेर येऊन चहा-बटाटावडा घेताना कानावर जी चर्चा पडते ती ऐकण्यासारखी असते. घोडबंदर बाजूला राहणाऱ्यांना डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडतं. तिथेही प्रयोग होतात, तेही उत्तम. पण पहिलं नाटक गडकरीलाच बघा.

तलावाजवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं. प्रार्थनेची वेळ सोडून गेलात तर शांतपणे बघता येतं. तिथून टेंभी नाक्याकडे चालत गेलात की एक वास्तू लागते जिच्याबद्दल ठाण्यात जन्मलेल्यांनाही अनेकदा माहीत नसतं: शाआर हशामायिम हे ज्यू प्रार्थनामंदिर. १८७९ साली बांधलेलं. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी शतकानुशतकं कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायची म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी, साडी नऊवारी. पुढे त्यांच्यातले पुष्कळ जण इस्रायलला गेले, पण ठाण्यात आजही त्यांची नांदती वस्ती आहे. हे पर्यटनस्थळ नाही, प्रार्थनेची जागा आहे. आत जायचं असेल तर आधी परवानगी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा, शनिवारी आणि त्यांच्या सणांना जाऊ नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. परवानगी नाही मिळाली तर बाहेरून बघून पुढे व्हा.

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकरांना दोन गोष्टी आठवतात, दहीहंडी आणि नवरात्रातली देवी. दोन्हींच्या मागे आनंद दिघे यांचं नाव आहे. नवरात्रात इथला देखावा बघायला जिल्ह्यातून माणसं येतात. त्या नऊ दिवसांत रात्री या भागात गाडी अजिबात आणू नका, स्टेशनवरून चालत या.

आता भूक लागली असेल. तहसीलदार कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. आत शिरताच आपल्याला एकच प्रश्न विचारला जातो: तिखट, मध्यम की कमी? पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यमच सांगावं. स्टीलच्या खोलगट ताटलीत उसळ, वर फरसाण, आणि त्यावर लालभडक तर्री जी बाजूने आत झिरपत जाते. फरसाण मऊ व्हायच्या आत खायला लागा, पावाचा तुकडा आधी तर्रीत बुडवा, मग उसळ उचला. कांदा आणि लिंबू मागून घ्या. बरोबर ताक घ्याच. रविवारी साडेनऊनंतर उभं राहायलाही जागा नसते, म्हणून काहीजण फिरायला सुरुवात करण्याआधीच इथे येतात. तुम्हीही क्रम उलटा केलात तर माझी हरकत नाही. मिसळ झेपणार नसेल तर स्टेशनसमोर कुंजविहारचा मोठा वडापाव आहे, एकात पोट भरतं.

कारागृहाच्या भिंतीमागचा किल्ला

याच फेरीत एक ठिकाण असं आहे जिथे आत जाता येत नाही, तरी मी तिथे थांबायला सांगतो. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. उल्हास नदी ठाण्याच्या वरच्या अंगाला येऊन वळते; तिचं मुख्य पाणी वसईकडे जातं आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला मिळतो. म्हणजे साष्टी, जिच्यावर आज मुंबईची उपनगरं आहेत, हे बेट, आणि ठाणं म्हणजे त्या बेटात शिरायचं दार. हे दार ज्याच्या हाती, त्याच्या हाती साष्टी. म्हणून १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा पहिला मोठा घाव ठाण्याच्या किल्ल्यावर घातला, आणि वसई पडली ती त्यानंतर दोन वर्षांनी. १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तो मराठ्यांना परत मिळाला नाही.

पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. १८१६ च्या सप्टेंबरमध्ये ते इथून निसटले. असं सांगतात, की किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार म्हणून लागलेला मराठी माणूस घोड्याला खरारा करताना त्यांच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांतून डेंगळ्यांपर्यंत पोचला.

आणि १९ एप्रिल १९१० ला, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना इथेच फाशी देण्यात आलं. आज ते चालू कारागृह आहे, तेव्हा भिंतीचे फोटो काढू नका, दारात रेंगाळू नका. पलीकडून बघा, नमस्कार करा, निघा.

नौपाड्याची संध्याकाळ

हे थोडक्यात सांगतो, कारण नौपाडा बघायची जागा कमी आणि रमायची जागा जास्त. गोखले रोड आणि राम मारुती रोडवर कपडे, भांडी, पुस्तकं, दागिने, सगळी खरेदी होते. घंटाळी देवीचं देऊळ इथेच. जवळच्या सहयोग मंदिरात व्याख्यानं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात, बहुतेक विनामूल्य. दारावरचे फलक वाचत जा. गजानन वडापावची बेसनाची पिवळी चटणी एकदा खाऊन बघा, इतर ठिकाणी ती तशी मिळत नाही. पंडित राम मराठे ठाण्याचे. त्यांच्या स्मृतीत महापालिका संगीत महोत्सव भरवते. गाण्याचा कान असेल तर त्याच्या तारखांवर लक्ष ठेवा.

वाचणाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हावं. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्थापन केलं. मराठी पुस्तकं जपण्यासाठी एखाद्या गावातल्या लोकांनी वर्गणी काढून संस्था उभी करावी आणि ती सव्वाशे वर्षांहून जास्त टिकवावी, ही मला ठाण्याची सगळ्यात मोठी वास्तू वाटते. स्टेशनजवळ सुभाष पथावर मुख्य इमारत आहे, नौपाड्यात शाखा आहे. सभासद होताना राहत्या पत्त्याचा पुरावा लागेल, तो सोबत न्या. भाड्याचं घर असलं तर करारनाम्याची प्रत ठेवा.

दुसरा रविवार: उपवन आणि येऊर

हा बेत पहाटेचा. स्टेशनवरून उपवनची बस घ्या किंवा रिक्षाने या. उपवन तलाव येऊरच्या पायथ्याशी आहे. काठावर गणपतीचं देऊळ, चालायला वाट, समोर डोंगर. पावसाळ्यात ढग तलावावर उतरतात. पाण्यात मात्र पाय टाकू नका. काठ निसरडा आहे आणि इथे बुडून माणसं गेलेली आहेत.

उपवनवरून घाटाचा रस्ता वर येऊरला जातो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. हे नीट समजून घ्या, कारण लोकांची गल्लत इथेच होते. वर रस्ता आहे, बंगले आहेत, खायच्या जागा आहेत म्हणून ते सहलीचं ठिकाण वाटतं. पण वनखात्याची चौकी ओलांडली की आपण संरक्षित जंगलाच्या हद्दीत असतो. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे आदिवासी पाडे आहेत, तिथे वारली आणि महादेव कोळी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात. बिबटे आहेत, आणि ते रात्री याच रस्त्यावरून जातात.

म्हणून काही गोष्टी पाळा. चौकीवरच्या वेळा आणि नियम विचारून मगच पुढे जा. रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि ओढ्यांवर बंदीचा आदेश निघतो, तो पाळा. डोंगरात वर पाऊस झाला की खालच्या कोरड्या ओढ्याला काही मिनिटांत पाणी येतं. गाडीत मोठ्याने गाणी नकोत, दारू नको, प्लास्टिक परत घेऊन या, माकडांना काही खायला घालू नका. पाड्यावरच्या बायका मोसमात करवंदं, जांभळं, रानभाज्या विकायला बसतात. घासाघीस न करता घ्या.

या बदल्यात जे मिळतं ते खूप आहे. पावसाच्या सुरुवातीला पहाटे गेलात तर शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येईल, अगदी एखादा मुलगा रमतगमत शीळ वाजवत चालल्यासारखी. हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांचे गट वर येतात. दुर्बीण नसली तरी त्यांच्यात मिसळा. जाणकार मंडळी आनंदाने दाखवतात. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक एकदा दिसला की पुन्हा यावंसं वाटतंच.

तिसरा बेत: खाडी आणि फ्लेमिंगो

फ्लेमिंगो बघायचा मोसम नोव्हेंबर ते मे, त्यातही जानेवारी ते मार्च. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला कारखाने असताना हजारो पक्षी इथे उतरतात.

जायचं कसं ते नीट लिहितो. ठाणे स्टेशनच्या ९ किंवा १० नंबर फलाटावरून वाशी, नेरूळ किंवा पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी घ्या आणि ऐरोलीला उतरा. तिथून रिक्षाने सागरी व किनारी जैवविविधता केंद्र. इथे कांदळवन प्रतिष्ठानामार्फत बोटीची फेरी असते. केंद्रात खाडीतल्या जीवसृष्टीची माहिती मांडलेली आहे. मुलं बरोबर असतील तर बोटीच्या आधी ती बघा म्हणजे खाडीत गेल्यावर त्यांना नावं आठवतात.

बोटीची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. त्यामुळे आज सकाळी आठला असलेली फेरी पुढच्या आठवड्यात दुपारी असू शकते. आधी आरक्षण करा, वेळ विचारा, साप्ताहिक सुट्टीचा वार बघून घ्या. रविवारच्या जागा लवकर भरतात. रजा काढणं शक्य असेल तर मधला वार घ्या. टोपी, पाणी, दुर्बीण. भडक कपडे नकोत.

बोट तिवरांच्या मधून बाहेर पडते तेव्हा ओहोटीला चिखल उघडा पडलेला असतो. चिखलावर निवट्या हे छोटे मासे उड्या मारताना दिसतात, खेकडे बिळाच्या तोंडाशी बसलेले असतात. मग लांबवर गुलाबी रेघ दिसते. जवळ गेल्यावर कळतं की सगळ्यांची डोकी खाली आहेत. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक जाळीत शेवाळ व सूक्ष्म जीव अडकवतो. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच पिसांना गुलाबी रंग येतो. थव्यात करडी-पांढरी पिल्लं दिसली तर ती दुसऱ्या जातीची समजू नका. त्यांना रंग चढायला काही वर्षं जातात. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. इथे दोन प्रकार दिसतात, मोठा रोहित आणि लहान रोहित. गडद गुलाबी आणि संख्येने जास्त तो लहान. यातले बरेच पक्षी गुजरातेतून, कच्छच्या बाजूने येतात. बोटीत उभे राहू नका, टाळ्या वाजवून थवा उडवायचा आग्रह नावाड्याला करू नका. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो, पण त्याची किंमत पक्ष्याच्या खाण्याच्या वेळेने चुकवली जाते.

परतताना चेंदणी कोळीवाड्यातून एक चक्कर मारा. रेल्वे यायच्या आधीपासूनचं हे कोळ्यांचं गाव. खाडीतली मासेमारी प्रदूषणाने खूप आटली आहे, तरी नारळी पौर्णिमेला मिरवणुकीने खाडीवर जाऊन नारळ अर्पण करायची रीत चालू आहे. त्या दिवशी आलात तर गल्ल्यांमध्ये पाहुण्यांचं स्वागतच होतं. एरवी लोकांच्या घरांसमोरून जाताना आवाज खाली ठेवा.

घोडबंदरच्या बाजूला

इथली ठिकाणं पटापट सांगतो, कारण तुम्ही तिथेच राहत असाल तर ती एकेका संध्याकाळची आहेत. ओवळ्याची ओवळेकर वाडी म्हणजे फुलपाखरांची बाग, एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर उभी राहिलेली. रविवारी सकाळी उघडी असते, पावसाळा संपता संपता सगळ्यात जास्त फुलपाखरं दिसतात. जाण्याआधी फोन करून खात्री करा. कोलशेतचं ग्रँड सेंट्रल पार्क २०२४ मध्ये खुलं झालं. तिकीट आहे, लहान मुलांसाठी मोकळी जागा भरपूर आहे. टिकुजिनीवाडी आणि सूरज वॉटर पार्क उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मागतातच. गायमुखला खाडीकाठी बसायला चौपाटी केली आहे, सूर्य मावळताना बरी वाटते.

घोडबंदरचा किल्ला रस्त्याच्या पार टोकाला, मीरा-भाईंदरच्या हद्दीत. पोर्तुगीजांचा, नंतर मराठ्यांचा. बुरुजावरून वसईची खाडी आणि तिचं वळण पूर्ण दिसतं, आणि पाण्याच्या वाटेवर पहारा ठेवायला हीच जागा का निवडली ते लगेच कळतं. सकाळी लवकर जा. दुपारनंतर गायमुख घाटात अवजड वाहनांमुळे तासन्‌तास अडकायला होतं.

आणि एक दिवस अंबरनाथ

शहराबाहेरचं एकच ठिकाण सांगतो, पण ते चुकवू नका. ठाण्याच्या शिलाहारांनी जे उभं केलं त्यातलं सगळ्यात सुंदर शिल्लक काम अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, अशी नोंद आहे. शिलाहार राजा छित्तराजाने सुरू केलेलं काम पुढचा राजा मुम्मुणी याच्या काळात पुरं झालं असं मानतात. श्रीस्थानकाच्या राजांचं वैभव ठाण्यात आता तुकड्यातुकड्याने शोधावं लागतं. इथे ते एकसंध उभं आहे.

ठाण्यावरून अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल घ्या. धीमी गाडी मिळाली तर मुंब्र्याजवळ डोंगरावर मुंब्रादेवीचं देऊळ दिसेल. अंबरनाथला पूर्वेला उतरून रिक्षा करा. देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि भिंतीवरची शिल्पं ऊन तिरपं असताना बघा, म्हणजे सकाळी दहाच्या आत. दुपारच्या उन्हात काळ्या दगडावरचे बारकावे सपाट होतात. मग आत जा. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं, आणि खाली पोचून मान वर केली की शिखराच्या जागी मोकळं आकाश दिसतं. पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात, वयस्क मंडळींना हात द्या. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. शिल्पं बघायची असतील तर ते दिवस टाळा, आणि दर्शनालाच जायचं असेल तर पहाटेची पहिली गाडी धरा.